आधी नजर, मग साखळी

लेखन हा माझा प्रांत नव्हे. आयुष्यभर मी मुलांचे निबंध तपासले, तांबड्या शाईने ‘पाल्हाळ नको’ असे शेरे मारले, आणि स्वतः मात्र रजेच्या अर्जापलीकडे काही लिहिले नाही. तेव्हा या वयात कागद पुढे ओढण्याचे धाडस मी का करीत आहे, असा प्रश्न कोणी विचारला तर मजजवळ धड उत्तर नाही. वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी आणि कंटाळा आल्यास पान उलटावे. मला वाईट वाटणार नाही.

निमित्त एवढेच की, अलीकडे माझ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरीणबाईंनी यंत्राने डोळा मोजला, त्या मापाच्या नंबरचे भिंग निवडून डोळ्याच्या आतच बसवले आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. समोर पत्नी उभी होती. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिलो.

“काय पाहताय एवढं?” तिने विचारले.

“तू होतीस तेवढीच दिसतेस.”

“मग किती दिसायला हवी होते?”

“चतकोर मोठी,” मी म्हणालो. ती हसू लागली आणि हसता हसता म्हणाली, “मालक आठवले वाटतं.”

मालकच आठवले होते.

मालक म्हणजे आमचे घरमालक. पन्नास सालच्या आगेमागे मी कल्याणच्या एका शाळेत शिक्षक म्हणून लागलो आणि डोंबिवलीला त्यांच्या चाळीत राहू लागलो. आठ खोल्यांची, मंगळुरी कौलांची बैठी चाळ. मागे विहीर आणि एक बेढब चिंच. मालक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. ठाणे आणि कल्याण या दोन तालुक्यांत आपल्या पायांखालून न गेलेले एकही शेत नाही, असे ते सांगत. निवृत्तीच्या वेळी लोक घड्याळ आणतात, यांनी जुनी झालेली मोजणीची साखळी मागून आणली होती. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी. तिचे सोळा भाग, प्रत्येक भागाला आणा म्हणायचे. ती देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी वेटोळे करून ठेवलेली असे. प्रथमच आलेल्या पाहुण्यांना तो नाग वाटे आणि ते भक्तिभावाने नमस्कार करीत. मालक त्यांची समजूत दूर करीत नसत.

पण त्यांचा खरा अभिमान साखळीचा नव्हता, नजरेचा होता. बांधावर उभे राहून ते शेताची लांबी नुसत्या डोळ्यांनी सांगत. मग साखळी पडे आणि ती मुकाट्याने त्यांच्याच म्हणण्याला दुजोरा देई. “आधी नजर, मग साखळी,” हे त्यांचे ब्रीद होते. “साखळी ही साक्षीदार आहे, मास्तर. निकाल डोळा देतो.”

चाळीस वर्षे भाऊबंदांच्या भांडणात उभे राहून त्यांनी एक सिद्धांतही बसवला होता. माणसाला स्वतःभोवती पाच फूट जागा लागते. त्याहून कमी मिळाली की तो भांडतो. एकाला पाच, दोघांना दहा. त्यामुळे दहा फुटांहून लहान खोली ते जोडप्याला देत नसत. आर्जवे चालत नसत, ओळख चालत नसे. चाळीत दहा फुटांच्या चार खोल्या होत्या आणि तिथे चार कुटुंबे होती. उरलेल्या चार लहान खोल्यांत आम्ही चार ब्रह्मचारी.

खोल्यांचे माप एकदा ठरले म्हणजे कायमचे ठरले, असेही त्यांच्या लेखी नव्हते. दरवर्षी दसऱ्याला लोक आपापल्या हत्यारांची पूजा करतात. मालक चिंचेने घासून लख्ख केलेल्या साखळीला हळदकुंकू लावीत, झेंडूची माळ घालीत आणि मग तिच्यासह आठही खोल्यांची मोजणी करीत. खोलीच्या उंबरठ्यावर उभे राहून आधी नजरेने आकडा सांगायचा, मग साखळी टाकायची. तेहतीस फुटांची साखळी नऊ फुटांच्या खोलीत मावणार कशी? उरलेली दारातून बाहेर पडे, ओटीवरून जाई आणि शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या मुगाच्या सांडग्यांत विसावे. माझी खोली दरवर्षी चार आणे आणि वर फूटपट्टीने अकरा इंच, म्हणजे नऊ फूट दोन इंच भरे. मालक मान हलवून म्हणत, “मास्तर, अजून वाढली नाही.” जणू ती माझीच हयगय होती.

मी त्या घरात आलो तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता. त्या काळी मोतीबिंदू पुरता पिकल्याशिवाय शस्त्रक्रिया करीत नसत. मालकांनी आंब्याची आढी लावावी तशी त्याची वाट पाहिली. रोज सकाळी ओटीवर बसून ते समोरच्या चिंचेकडे बघत आणि काकूंना, म्हणजे आपल्या पत्नीला, बातमी देत, “आज फांद्या गेल्या. बुंधा आहे.” काही महिन्यांनी, “बुंधा गेला. पाड लागला असं समज.”

“पिकला की सांगा,” काकू तांदूळ निवडता निवडता म्हणत, “शेजारी वाटायला हवा.”

एका माघात उजवा डोळा पिकला. ठाण्याच्या एका वयस्क डॉक्टरांनी तो उतरवला. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, दोन्ही डोळे बांधून, आठ दिवस उताणे निजायचे अशी रीत होती. मालकांनी ते आठ दिवसही वाया घालवले नाहीत. पावलांच्या आवाजावरून त्यांनी दवाखान्याचा नकाशा मनात तयार केला आणि पट्टी सुटल्यावर पहिले वाक्य उच्चारले ते असे, “डॉक्टर, तुमची मोरी चुकीच्या जागी आहे.”

चैत्रात चष्मा आला, तो घ्यायला मालकांबरोबर ठाण्याला मी गेलो होतो. दहा नंबरची काच. पेढ्याएवढी जाड आणि तेवढीच फुगीर. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू अजून कच्चा होता. दोन डोळ्यांना दोन आकारांचे जग दिसू नये म्हणून त्यापुढे दुधी काच बसवली होती. मालकांनी तो चष्मा चढवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्ही वाढलात!”

डॉक्टर हसले. “डोळ्यातलं भिंग आम्ही काढून घेतलं. त्याचं काम आता ही काच बाहेर उभी राहून करते. आणि बाहेरून काम करणारा जरा मोठ्यानेच बोलणार. सगळं चतकोर मोठं दिसेल.”

“दिसेल नव्हे,” मालक म्हणाले, “आहेच. इतकी वर्षं मी पाहत होतो ते मोतीबिंदूतून. तोच लहान दाखवत असला पाहिजे.”

डॉक्टरांनी वाद घातला नाही. निघताना मला मात्र बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. “काच डोळ्यापासून जितकी दूर जाईल तितका तिचा जोर वाढतो, तेव्हा चष्मा नाकावर घट्ट बसलेला हवा. आणि घाबरू नका, पाचसहा महिन्यांत मेंदूला सवय होते. मग सगळं हळूहळू पूर्वीएवढंच वाटू लागतं.” या दोन वाक्यांनी माझ्या आयुष्यात पुढे केवढा गोंधळ घातला, हे त्या सज्जन गृहस्थांना कधीच कळले नाही.

चष्म्यातून मालकांना जे जग दिसे ते आम्हा सर्वांना हळूहळू पाठ झाले. काचेच्या कडेशी एक पट्टा असा होता की, त्यात शिरलेली वस्तू दिसेनाशी होई आणि एकदम मध्यभागी प्रकट होई. “तुम्ही येत नाही, मास्तर, उगवता,” ते मला म्हणत. मांजर त्यांच्या दृष्टीने दिवसातून वीसदा मरे आणि जिवंत होई. दाराच्या उभ्या चौकटी मधे आत वळलेल्या दिसत, म्हणून ते दारातून अंग चोरून, तिरके जात. शिवाय मोतीबिंदूचा पिवळा पडदा गेल्यामुळे निळा रंग त्यांना अतोनात दिसू लागला होता. धोतर हातात घेऊन ते काकूंना विचारीत, “नीळ किती घातलीस? हे धोतर आहे की आकाश?”

“आकाश असतं तर धुवावं लागलं नसतं,” काकू म्हणत.

कळव्याच्या खाडीवरून एक कोळीण मासे घेऊन येई. तिच्या टोपलीतला जिताडा मालकांना सव्वा हात दिसे. हातात घेतला की बोटांना तो हातभरच लागे. डोळा आणि हात यांच्या या भांडणात मालकांनी डोळ्याची बाजू घेतली.

“बाई, टोपलीत मोठा असतो आणि माझ्या हातात येईस्तोवर लहान होतो. काय करतेस तू?”

“मी काय करतंय? मासा त्योच हाय,” ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. “जल्ला मेला तो चष्मा! डोल्यावरचा तवा काडा आनि मंग बगा. आनि काय ओ काकू, मालकांना तुमी पन येवढ्या मोट्या दिसताव काय?”

“म्हणून तर दबून असतात,” काकू म्हणाल्या.

आणि त्याच चैत्रात मालक एकदा माझ्या उंबरठ्यावर उभे राहिले, आत पाहिले आणि उद्गारले, “साडेअकरा फूट! मास्तर, ही खोली तुम्ही वाढवलीत कधी?”

हे ऐकून मला केवढा आनंद झाला, ते सांगण्यासाठी एक संकोचाची गोष्ट सांगणे भाग आहे. माझे लग्न ठरू घातले होते. मुलगी ठाण्याची. पाहण्याच्या कार्यक्रमात मी दोन पोहे तोंडात घातले होते आणि एकही शब्द तोंडाबाहेर काढला नव्हता. शेवटी तिनेच विचारले होते, “तुम्ही बोलत नाही का?” मी म्हणालो, “बोलतो.” आमचे संभाषण तेवढेच, पण त्यानंतर मला दुसरे काही सुचेनासे झाले. तिच्या वडिलांची अट एकच होती. “मुलीला ठेवणार कुठे ते सांगा. दसऱ्यापर्यंत खोली दाखवा, मार्गशीर्षात लग्न. नाहीतर पनवेलचं स्थळ आहे.” ते दिवस असे होते की, कल्याण-डोंबिवलीत लोक राहायला गोठेसुद्धा मागून पाहत होते. माझी मदार मालकांवर, आणि मालकांची दसऱ्याच्या मोजणीवर.

चैत्रात साडेअकरा फूट ऐकून मी निश्चिंत झालो. नजर साडेअकरा म्हणत असता साखळीची काय बिशाद! पण डॉक्टरांचे दुसरे वाक्य मी विसरलो होतो. मेंदूला सवय होऊ लागली. ज्येष्ठात मालक उंबरठ्याशी थबकून म्हणाले, “अकरा असेल.” श्रावणात “साडेदहा.” घरादारावर जप्ती यावी तशी माझी खोली दिवसेंदिवस आक्रसत होती आणि मी हताशपणे पाहत होतो. मालक बरे होत होते. त्यांच्या प्रकृतीच्या सुधारणेने इतके दुःखी झालेले माणूस त्या चाळीत दुसरे नव्हते. गौरी उठल्या त्या दिवशी ते म्हणाले, “पावणेदहा. मास्तर, तुमची खोली आजारी आहे का?”

दसऱ्याला जेमतेम महिना होता.

आता मी जे केले ते इतक्या वर्षांत पत्नीखेरीज कोणाला सांगितलेले नाही. मालकांचा चष्मा पुसण्याचे काम माझ्याकडे होते. चष्मा काढला की तो शोधायला त्यांना चष्माच लागे, म्हणून आंघोळीला जाताना ते तो माझ्या हाती देत. दसऱ्याच्या आठवडाभर आधी, मी, ज्याने शाळेत कॉपी करणाऱ्या मुलांना तासभर नीतीवर व्याख्यान दिले होते, त्या मी चाकूच्या टोकाने चष्म्याच्या दोन्ही काड्यांचे स्क्रू सैल केले. काच जड होती. मालकांनी चष्मा लावला आणि तो सावकाश, एखाद्या वयोवृद्ध पाहुण्याने पायरी उतरावी तसा, नाकावरून उतरू लागला. काच डोळ्यापासून दूर गेली. जग पुन्हा थोडे वाढले असावे. मालकांनी बोटाने चष्मा वर ढकलला. तो पुन्हा उतरला.

दसरा उजाडला. साखळीची पूजा झाली. सारी चाळ ओटीवर जमली. मालकांनी दरवेळी चष्मा वर ढकलून सात खोल्या मोजल्या आणि आठव्या, माझ्या, उंबरठ्यावर येऊन उभे राहिले. चष्मा उतरत उतरत नाकाच्या शेंड्याशी आला. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होतो. त्यांनी तो वर ढकलण्यासाठी हात उचलला. मग का कोण जाणे, उचललेल्या हाताने कान खाजवला आणि हात खाली नेला.

“दहा फूट,” ते म्हणाले. “आणि वर दोनतीन इंच.”

साखळी पडली. चार आणे. फूटपट्टी पडली. अकरा इंच. पहिल्या खोलीतले पोस्टातले कारकून घसा साफ करून म्हणाले, “मालक, साखळी नऊ फूट दोन इंचच म्हणतेय.”

मालक खाली बसले. चाळीस वर्षांत प्रथमच साक्षीदार उलटला होता. त्यांनी पाणी मागितले, प्यायले, आणि साखळीची एक कडी बोटांनी चाचपली.

“लोखंड आहे,” ते शेवटी म्हणाले. “झिजतं, ताणलं जातं, उन्हात वाढतं. त्याचा भरवसा काय? माझी नजर काही लोखंडाची नाही.”

“नाहीच,” काकू आतून म्हणाल्या, “काचेची आहे.”

“खोली दहा फुटांची आहे,” मालक उठून म्हणाले. “मास्तर, लग्न करा.”

मी त्यांच्या पाया पडलो. अशा प्रसंगी माणसाने खरे बोलावे असे सर्व सुभाषिते सांगतात. मी दोन वर्षे ती मुलांना शिकवीत होतो. मी फक्त पाया पडलो.

गोष्ट इथे संपती तर माझ्या मनाला इतका भार झाला नसता. पण दुसऱ्याच रविवारी मालकांनी छत्री घेतली आणि मला म्हणाले, “चला. साखळी चुकली असेल तर ती तुमच्याच खोलीत चुकली असं होत नाही. एका खोलीपुरतं खरं असं काही नसतं.” ज्या ज्या शेतांवर त्यांनी ती साखळी टाकली होती, त्या त्या शेतकऱ्याची ते क्षमा मागणार होते.

आम्ही मानपाड्याला गेलो. एक म्हातारा शेतकरी खळे सारवीत होता. मालकांनी त्याला हात जोडले. “तुझं शेत मी कमी मोजलं. ते जास्त आहे.”

म्हातारा उकिडवा बसून विचार करू लागला. “म्हंजे माजी जमीन वाडली?”

“वाढली नाही. होतीच. कागदावर कमी लागली.”

“मंग सरकारचा धारा बी वाडंल?”

“नियमाप्रमाणे वाढायला हवा.”

म्हाताऱ्याने शेणाचे हात झटकले. “मंग नगं. हाय तेवडीच बरी हाय. तुमी च्या घ्या नि घराकडं जा.”

आंबिवलीला दोघे भाऊ एका बांधावरून पिढीजात भांडत होते. दोघांनाही आपले शेत मोठे असल्याचे कळल्यावर दोघेही खूष झाले, कारण ते दुसऱ्याचे लहान झाल्याशिवाय कसे वाढेल? त्यांनी एकमेकांकडे विजयी मुद्रेने पाहत आम्हांला एकाच ताटात काकडी दिली. कळव्याला एकाने तर आम्हांला पुढाऱ्यांची माणसे समजून मत कोणाला द्यायचे ते विचारले. असे अकरा रविवार आम्ही हिंडलो. ऊन कडक, पायवाटा खडकाळ. चौकटीसमोर ते तिरके होत आणि बांधावर हात जोडीत. प्रत्येक रविवारी निघताना मी ठरवीत असे, आज स्क्रूची गोष्ट सांगायची. प्रत्येक वेळी ते काहीतरी असे बोलत की, माझी वाचा बसे. एकदा म्हणाले, “माणूस चुकतो ते वाईट नाही, मास्तर. चुकून गप्प बसतो ते वाईट.” मी गप्प बसलो.

त्यांनी खात्यालाही अर्ज लिहिला की, दोन्ही तालुक्यांची फेरमोजणी व्हावी. उत्तर आले, पुरावा जोडावा. त्यांनी साखळीच पाठवून दिली. ती परत आली नाही. पुढच्या दसऱ्यापासून देवघरातल्या त्या जागी चष्मा ठेवून त्याला हळदकुंकू लागू लागले. पूजा चालू असताना मालकांना काही दिसत नसे, म्हणून मंत्र मी म्हणे.

आमचे लग्न मार्गशीर्षात झाले. नव्या नवरीने खोलीत पाऊल टाकले, चारी भिंतींकडे पाहिले आणि मला विचारले, “हे दहा फूट?” मी तिला त्याच क्षणी सगळे सांगितले, तिच्याशी केलेले ते माझे पहिले मोठे संभाषण. ती पोट धरून हसली, मग गंभीर झाली आणि म्हणाली, “त्यांना सांगून टाका.” नऊ फूट दोन इंचांत आम्ही अकरा वर्षे संसार केला. मालक अधूनमधून दाराशी उगवून विचारीत, “भांडता का रे?”

“भांडतो,” ती म्हणे.

“दहा फुटांत भांडण होत नाही. तुम्ही नीट भांडत नसाल.”

डावा डोळा त्यांचा शेवटपर्यंत पिकला नाही. आढीत तळाशी राहून गेलेल्या फळासारखा राहिला. एका थंडीत ते झोपेतच गेले. तेराव्यानंतर काकूंनी मला हाक मारली आणि तो चष्मा माझ्यापुढे ठेवला. दोन्ही काड्यांना मागे बांधलेला, रोज पुसताना ओळखीचा झालेला काळा दोरा तसाच होता.

“काड्या ढिल्या झाल्या होत्या ना,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी हा दोरा बांधून दिला होता, डोक्यामागून घ्यायला. तुमच्या लग्नाच्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या रात्री.”

मला त्या दसऱ्याला दोरा पाहिल्याचे आठवेना. मी तसे म्हणालो.

“कुठून दिसणार? त्या दिवशी सकाळी ह्यांनीच सोडायला लावला. म्हणाले, आजच्या दिवस राहू दे सैल. रात्री पुन्हा बांधून घेतला.”

काकू चष्मा पुसून आत गेल्या. मी ओटीवर बसून राहिलो. समोर चिंच होती, फांद्यांसकट. मला ते अकरा रविवार आठवले, ते ऊन, ते जोडलेले हात, आणि ‘एका खोलीपुरतं खरं असं काही नसतं’ हे वाक्य. ते मला इतकी वर्षे वेडगळपणाचे वाटत आले होते.

वाचकहो, मी मनुष्यस्वभावाचा जाणकार नाही, म्हणून तुम्हालाच विचारतो. त्या दसऱ्याला माझ्या उंबरठ्यावर तो चष्मा घसरला, की त्यांनी घसरू दिला?